गोदीतून आलेला धोंडा: हत्यार, पण कुणाचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमचं गाव पाटण तालुक्यात, ढेबेवाडीच्या खोऱ्यात. आजोबा मुंबईला गोदीत हमाली करायचे, गावकीच्या खोलीत राहायचे. १९४४ च्या स्फोटानंतर ढिगारा उपसायच्या कामावर ते होते आणि तिथून त्यांनी मुठीएवढा एक काळा दगड गावी आणला. घरात त्यावरून अजून चेष्टा चालते, की लोकांना गोदीत सोन्याच्या लगडी सापडल्या आणि आमच्या म्हाताऱ्याला धोंडा. आता तुमच्या मुलीने शाळेच्या पुस्तकात हातकुऱ्हाडीचं चित्र पाहिलं आणि म्हणाली, हा तसाच दिसतोय. तर हे अश्मयुगातलं हत्यार आहे का, असलं तर मुंबईच्या आदिमानवाचं का, आणि याचं पुढे करायचं काय?

फोटोंवरून मी बोलायचं टाळलं होतं. दगडाचा फोटो म्हणजे ऐकीव गाण्यासारखं असतं. चाल कळते, सूर कळत नाही. तुम्ही एसटीने साताऱ्यापर्यंत दगड घेऊन आलात, तो दोन तास माझ्या टेबलावर होता, म्हणून आता सविस्तर लिहितो.

दगड माणसाने फोडलेला आहे, याबद्दल मला शंका नाही. तो महाराष्ट्रातला नाही, याबद्दल तर अजिबात नाही. बाकीच्या गोष्टींना ‘बहुतेक’ आणि ‘कदाचित’ लावावं लागेल.

महाराष्ट्रातला नाही हे कशावरून, ते आधी सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. आपला जिल्हा लाव्हारसाच्या थरांवर उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो रस पसरला आणि थिजला. त्यामुळे आपल्याकडे मिळतो तो काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. त्याच्या पोकळ्यांत मागाहून भरलेल्या गारगोट्या, अकीक, दुधट कॅल्सेडनी. आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर, कासला, जांभा. ढोबळ मानाने एवढंच. आपल्याकडच्या आदिमानवानेही यातूनच काम भागवलं. मोठी हत्यारं काळ्या पाषाणाची, बारीक पाती गारगोटीची नाहीतर कॅल्सेडनीची.

तुमचा दगड मी खिडकीपाशी धरला तेव्हा त्याच्या पातळ कडेतून काकवीच्या रंगाचा उजेड आला. काळ्या पाषाणातून कधीच येणार नाही. त्याची फुटलेली कड कितीही पातळ असली तरी नुसत्या डोळ्याला ती काळीच. कॅल्सेडनीतून उजेड येतो, पण तो दुधट असतो, त्यात पट्टे असतात, आणि पोकळीतून निघालेल्या गोट्याची बाहेरची बाजू पुष्कळदा हिरवट असते. तुमच्या दगडाची एक बाजू भाकरीला कोरडं पीठ लागावं तशी पांढरी आहे, नखाने खरवडली की भुकटी निघते. त्या सालीच्या एका खळग्यात सौम्य आम्लाचा थेंब टाकला, तो फसफसला. म्हणजे तिथे चुना आहे. आता नुसत्या चुन्यावरून काही ठरत नाही, चुनखडी आपल्या ओढ्यांतही मिळते. पण दहापट भिंगाखाली, सालीच्या अगदी लगत, तांदळाच्या कणीएवढा एक जाळीदार तुकडा दिसला. मधाच्या पोळ्यासारखी ओळीने बारीक भोकं. हा ब्रायोझोआ नावाच्या समुद्री जीवांच्या वसाहतीचा तुकडा आहे.

लाव्हारसात समुद्रातला जीव कुठून येणार? दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात साचलेल्या गाळात जीवाश्म मिळतात हे खरं, मुंबईत वरळीच्या टेकडीत तर चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले आहेत. पण ते गोड्या पाण्यातले. समुद्रतळावर साचलेला खडू आणि त्यात गाठींसारखा वाढलेला काळा दगड, हे दक्षिण इंग्लंडचं, उत्तर फ्रान्सचं, डेन्मार्कचं लक्षण आहे. या दगडाला फ्लिंट म्हणतात. मराठीत आपण चकमकीचा दगड म्हणतो, पण आपली चकमक साधारण गारगोटीची नाहीतर अकीकची असायची. ही अस्सल विलायती.

मग हा माणसाने फोडला कशावरून? इथे मला माझीच एक फजिती सांगितली पाहिजे. शिकत होतो तेव्हा रस्त्याच्या कामाशेजारी मला काळ्या पाषाणाचा एक सुंदर छिलका, म्हणजे ठोक्याने सुटलेली ढलपी, सापडला. धार, फुगवटा, लहरी, सगळं जागच्या जागी. कापसात गुंडाळून सरांकडे नेला. सरांनी चष्मा वर केला, दगड फिरवला आणि विचारलं, ‘‘जवळपास खडी क्रशर होता का रे?’’ होता. क्रशरचा पोलादी जबडासुद्धा दगडाला एका जागी जोरात दाबतो, आणि दगडाला दाब कुणी दिला ते कळत नसतं. तेव्हापासून मी एका खुणेवर भरवसा ठेवत नाही, खुणांचा क्रम बघतो.

काचेसारखा फुटणारा दगड एका बिंदूवर ठोकला की निघालेल्या छिलक्यावर त्या बिंदूखाली फुगवटा येतो, आणि त्याच्यापासून पाण्यात खडा टाकल्यासारख्या लहरी पसरतात. ज्या गोट्यावरून छिलका निघाला त्यावर तेवढाच खळगा उरतो. तुमच्या दगडावर असे पाच खळगे आहेत. त्यातले तीन एकाच सपाट कडेवरून, एकाच दिशेने, शेजारी-शेजारी काढलेले. दुसरा खळगा पहिल्याच्या उंचवट्यावर बरोबर बसलाय, तिसरा दुसऱ्याच्या. ज्याला दगड कसा चालतो हे माहीत आहे त्याचीच ही रीत. आमच्याकडचे वडार दगडावर छिन्नी ठेवण्याआधी सुतकीने हलकेच वाजवून बघतात, आवाज खणखणीत आला तरच हात घालतात. बद्द वाजला की बाजूला सारतात. तीच तऱ्हा इथे दिसते: जोर कमी, डोकं जास्त. उरलेले दोन खळगे उलट बाजूला आहेत, त्यांना ना दिशा ना क्रम. ते घणाने, क्रेनच्या बादलीने किंवा दुसऱ्या दगडावर आपटून झाले असतील.

मुलीला सांगा की निरीक्षण चांगलं होतं, पण ही हातकुऱ्हाड नव्हे. हातकुऱ्हाड दोन्ही अंगांनी तासलेली असते, थेंबासारखी, एका टोकाला निमुळती. भारतातली पहिली नोंदलेली पुराश्मयुगीन, म्हणजे अश्मयुगाच्या सगळ्यात जुन्या टप्प्यातली, हत्यारं रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरमला सापडली. तुमच्या दगडाला आम्ही गाभा म्हणतो. म्हणजे ज्यातून छिलके काढून घेतले आणि उरलेला गोळा टाकून दिला. लाकूड तासलं तर ढलपी टाकतात आणि ओंडका ठेवतात. इथे उलटं, ढलपीच कामाची.

आता गोदीकडे येऊ. ‘मुंबईच्या आदिमानवाचं’ ही तुमची शंका हवेतली नाही. प्रिन्सेस गोदीचं खोदकाम १८७० च्या दशकात चाललं होतं तेव्हा चिखलाखाली शेकडो झाडांचे बुंधे मिळाले, पुष्कळसे मुळांवर उभे, बहुतेक खैराचे. म्हणजे आज जिथे समुद्र आहे तिथे एके काळी कोरडी जमीन आणि जंगल होतं. पुढे १९३० च्या दशकात टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने कांदिवली आणि मुंबईच्या आसपास दगडी हत्यारं जमवून त्यावर लिहिलं. तेव्हा मुंबईत अश्मयुगीन माणूस वावरत होता हे नक्की. पण गोदीतली माती ही साक्षीदार म्हणून फार वाईट. अलेक्झांड्रा गोदी, आजची इंदिरा गोदी, खोदली तेव्हा निघालेल्या मातीची भर घालून बॅलार्ड इस्टेट उभी केली. मुंबईत कुठली टेकडी कुठल्या खाडीत गेली याचा हिशेब लावणं अवघड आहे. त्यात १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं, त्यात कापसाच्या गासड्या, सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि सोन्याच्या लगडी एकत्र भरलेल्या. गोदी पुन्हा चालू करायला सुमारे आठ हजार माणसं सात महिने ढिगारा उपसत होती. त्यातले एक तुमचे आजोबा. चेष्टा करणाऱ्यांना सांगा, लगडी पुढे कित्येक वर्षांनी गाळ काढतानाही सापडल्या आणि सरकारजमा झाल्या. आजोबांचा धोंडा निदान घरात राहिला.

अशा ढिगाऱ्यातून निघालेल्या दगडाबद्दल ‘गोदीत सापडला’ एवढंच म्हणता येतं, ‘गोदीतला’ म्हणता येत नाही.

मग विलायती दगड तिथे आला कसा? सगळ्यात साधं उत्तर: बॅलास्ट. शिडाच्या जहाजात माल कमी किंवा हलका असला की ते कलतं. म्हणून तळात वाळू, गोटे, मिळेल ते वजन भरत. बंदरात माल चढला की ते ओझं उतरवून टाकत. जगभरच्या जुन्या बंदरांत असा परका दगड मिळतो आणि तिथले पुरातत्त्ववाले त्यावरून डोकं धरून बसतात. फ्लिंट इकडे यायच्या आणखीही वाटा होत्या. ठासणीच्या बंदुकांच्या घोड्यात बसवायच्या गारा इंग्लंडातल्या ब्रँडन गावात घडत आणि फौजांना जात. पण त्या बोटाच्या पेराएवढ्या चौकोनी असतात. दळणाच्या गिरण्यांत, म्हणजे खनिजं दळायच्या फिरत्या पिंपांत, फ्लिंटचे गोटे घालत. ते गुळगुळीत गोल असतात. तुमचा दगड दोन्हीत बसत नाही.

खरी गंमत यापुढे आहे. लंडनला जहाजांसाठी बॅलास्ट यायचा तो मुख्यतः थेम्स नदीच्या तळातून. नदीतली वाळू आणि गोटे उपसून जहाजांना विकायचा हक्क ट्रिनिटी हाऊस या संस्थेकडे जवळजवळ तीन शतकं होता. आणि थेम्सच्या खोऱ्यातले जुने वाळू-गोट्यांचे थर अश्मयुगीन हत्यारांनी भरलेले आहेत. स्वान्सकोम्बला तर त्या थरांत हत्यारांबरोबर सुमारे चार लाख वर्षांपूर्वीच्या कवटीचे तुकडे मिळाले. म्हणजे लंडनच्या नदीतून फावड्याने उपसलेल्या गोट्यांत एखादं अस्सल हत्यार जहाजात चढलं, मुंबईला उतरलं, गोदीच्या भरावात गेलं, १९४४ ला वर उडालं आणि ढेबेवाडीला पोचलं, यात अशक्य काही नाही. २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा केवढा सोहळा झाला. तुमचा धोंडा त्याआधी ऐंशी वर्षं हमालाच्या वळकटीतून आला.

याला आधार काय? ते तीन शिस्तीतले खळगे निळसर-पांढरे झालेत, साय धरावी तसे. बाकीचे दोन कुळकुळीत काळे आहेत. फ्लिंट ताजं फुटलं की काळं असतं. जमिनीत पडून राहिलं की पृष्ठभागावर हे पुट चढतं. म्हणजे एकाच दगडावर दोन वेगळ्या काळचं फोडकाम आहे, आणि शहाणं फोडकाम जुनं आहे. किती जुनं? पुट हे घड्याळ नव्हे. चुनखडीच्या मातीत ते लवकर चढतं, दुसरीकडे हजारो वर्षांत नीट चढत नाही. माझं मन विचाराल तर मला तो पुराश्मयुगातला गाभा वाटतो. पण अहवाल लिहायची वेळ आली तर मी ‘काळ अनिश्चित’ एवढंच लिहीन. इंग्लंडात घराच्या भिंतींसाठीसुद्धा फ्लिंट फोडत, आणि त्या गवंड्यांचे हातही सराईत असत.

प्रयोगशाळेत पाठवून वय काढा, असं तुमच्या भावाने सुचवलंय. त्याला सांगा, प्रयोगशाळा कदाचित दगडाचं वय सांगेल, सात-आठ कोटी वर्षं. आपल्याला हवंय ते फोडल्याचं वय, आणि ते दगडात नसून दगडाभोवतीच्या थरात असतं: वाळूत, राखेत, हाडांत. २०१३ मध्ये लंडनच्या गोदी भागात, नॉर्थ वुलिचला, रेल्वेच्या बोगद्याचं काम चालू असताना फ्लिंटचे सुमारे दीडशे तुकडे मिळाले. तिथे नदीकाठी बसून नऊ हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हत्यारं घडवली होती असं ठरलं, कारण तुकडे थरात, जागेवर, एकमेकांशेजारी होते. त्यातला एकेक तुकडा तुमच्या दगडापेक्षा काही देखणा नसेल. आणि जागा माहीत असली तरी भांडणं मिटतात असंही नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, कुकडीकाठी बोरीला, हत्यारं ज्वालामुखीच्या राखेबरोबर मिळाली. राखेचं वय कुणी चौदा लाख वर्षं काढलं, कुणी पावणेसात लाख, तर कुणी म्हणालं ही तर पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वी इंडोनेशियात फुटलेल्या टोबा ज्वालामुखीची राख. राख हातात असताना ही गत. तुमच्याकडे तर आजोबांची आठवण सोडली तर थर म्हणून काहीच नाही.

पण दगडाच्या एका कडेवर जे दिसलं त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तुम्ही ते विचारलंच नव्हतं. ताज्या काळ्या खळग्याच्या काठावर, साधारण दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यात, धार बोथट झालीय. एका ठोक्याची ही झीज नाही. शेकडो बारीक कपच्या उडालेल्या, एकावर एक. भिंगाखाली त्या कपच्यांच्या फटींत तांबूस ठिपके आणि आडव्या ओढलेल्या पुसट गंजाच्या रेघा दिसतात. हे लोखंडाचं काम आहे. चकमक झाडताना ठिणगी दगडाची नसते. दगड पोलादापेक्षा कठीण, तो पोलादाचा बारीक कीस काढतो, आणि तो कीस घर्षणाने तापून हवेत पेटतो. त्यातला थोडा दगडाच्या फटीत अडकतो आणि पुढे गंजतो. एवढी झीज व्हायला महिनोन् महिने, रोज, त्याच कडेवर, त्याच हाताने ठोके पडावे लागतात. रेघांचा कल बघता दगड डाव्या हातात आणि पोलाद उजव्या हातात धरलेलं.

हे कोणी केलं? गंज खारट हवेतल्या गोदीत पडून राहिलेल्या दगडावर असा रेघांत टिकला नसता, सगळीकडे पसरला असता. झीज बघा, ती पुट चढलेल्या जुन्या खळग्यांवर नाही, नंतर फुटलेल्या काळ्या कडेवर आहे. लढाईच्या दिवसांत खेड्यात काड्यापेटी चैनीची होती. माझा अंदाज असा, की हा दगड आजोबांनी शोभेला आणला नाही. गोदीच्या ढिगाऱ्यात लोखंडावर आपटून त्यातून ठिणगी उडालेली त्यांनी पाहिली, आणि चिलमीला बरा म्हणून कनवटीला लावला.

आता करायचं काय. धुऊ नका, घासू नका, तेल लावू नका. देवघरात असला तर असू द्या, फक्त त्यावर हळदकुंकू नको, ते फटीत बसतं. एका कागदावर आजोबांचं नाव, गाव, कुठल्या साली कुठून आणला, कोणी सांगितलं, हे लिहून दगडाबरोबर ठेवा. विकायच्या फंदात पडू नका. किंमत फारशी येणार नाही आणि शंभर वर्षांपलीकडची वस्तू परदेशी पाठवायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. कुणाला दाखवायचाच असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांपासून तिथे दगड वाचायची परंपरा आहे.

कोयनेत असं काही मिळेल का, असंही तुम्ही जाता जाता विचारलं होतं. तुमचं खोरं उताराचं, पाणी सगळं खाली ओढून नेतं. कृष्णा सपाटीला लागते तिथे जास्त आशा. सांगलीच्या खाली, चिकोडी तालुक्यात, येडूरवाडीला कृष्णाकाठच्या जुन्या थरांत हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत आणि तिथल्या चुनखडीचं वय साडेतीन लाख वर्षांपलीकडे जातं. कऱ्हाडच्या खाली, भिलवडी-औदुंबरपासून हरिपूरच्या संगमापर्यंत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाच्या तळाशी चुन्याने घट्ट बांधलेला गोट्यांचा थर उघडा पडतो, तो बघत चला. काही दिसलं तर उचलू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, मग चार पावलं मागे जाऊन अख्ख्या दरडीचा एक काढा.

आणि एक काम माझ्यासाठी करा. आजोबांची चंची घरात कुठे असेल, पेटीत, माळ्यावर, तर ती उलटी करून झटका. इंग्रजी सी अक्षरासारखा वाकवलेला, मधे झिजलेला पोलादाचा तुकडा, किंवा जुन्या कानशीचं तुटकं टोक निघालं, तर ते पुसू नका. तसंच कागदात गुंडाळून आणा. त्याची झीज दगडाच्या कडेशी जुळते का ते मला बघायचंय.